आंबोनच्या गाळात

चिखलाला आपल्या भाषेने कधी मान दिला नाही. माणसाचे दिवाळे निघाले की तो गाळात गेला असे आपण म्हणतो, कुणाची बदनामी करावयाची तर चिखलफेक करतो, आणि चिखलातल्या कमळाची थोरवी गाताना सारे श्रेय कमळाला देऊन चिखलाला त्याच्या जागी ठेवतो. आम्ही वसईच्या खाडीकाठी वाढलेली माणसे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खाजणात गुडघाभर रुतून तिसऱ्या काढणाऱ्या बाया आम्ही लहानपणापासून पाहिल्या. ओल्या चिखलावर टुणटुण उड्या मारणारे निवटे पकडण्यात आमच्या कित्येक दुपारी गेल्या. चिखलात अन्न असते हे त्यामुळे आम्हाला ठाऊक होते. चिखलात पाहण्यासारखे काही असते, आणि ते पाहावयास माणसे पदरचे पैसे मोडून साता समुद्रापलीकडे जातात, हे मात्र पन्नाशी उलटल्यावर कळले.

ह्या छंदाला ‘मक डायव्हिंग’ असे नाव आहे. मक म्हणजे गाळ, राड, घाण. पापुआ न्यू गिनीत पर्यटकांना समुद्रतळाशी नेणाऱ्या बॉब हॉलस्टेड ह्या पाणबुड्याने १९८० च्या दशकात हे नाव रूढ केले. प्रवाळांचे रंगीबेरंगी कडे बाजूला ठेवून तो आपल्या पाहुण्यांना किनाऱ्यालगतच्या मळकट, उथळ उतारांवर घेऊन उतरे. तिथे काळपट वाळू, कुजका पालापाचोळा आणि माणसाने टाकलेला कचरा ह्यांच्या आड असे इवले, दुर्मीळ जीव राहत, की जे प्रवाळांच्या बागेत शोधूनही सापडत नाहीत. आज इंडोनेशिया आणि फिलिपाईन्स हे ह्या छंदाचे माहेरघर झाले आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार ह्या दोन देशांत दरवर्षी एक लाखाहून अधिक पाणबुडे केवळ गाळ पाहण्यासाठी येतात आणि त्यातून १५ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न होते. गाळाला ह्याहून मोठी किंमत जगात क्वचितच कुठे मिळाली असेल.

आम्ही उभयतांनी पाण्याखाली उतरण्याचे शिक्षण घेतले ते तारकर्लीला, मुले मार्गी लागल्यावर, लोकांनी हसण्याच्या वयात. पुढे दोनदा अंदमानला जाऊन आलो. तेवढ्यावर हौस फिटली असती. परंतु आमच्यापैकी एकीच्या डोळ्यांत काचबिंदू असल्याचे निदान झाले आणि हिशेब बदलले. काचबिंदू नजरेला समोरून धक्का देत नाही. तो कडेकडेने येतो. दोन्ही बाजूंची झापडे हळूहळू पुढे ओढत आणतो. औषधाच्या थेंबांनी त्याची चाल मंदावते. गेलेली नजर मात्र परत येत नाही. नेत्रतज्ज्ञांनी तपासण्या करून पाण्याखाली जाण्यास हरकत नसल्याचे सांगितले तेव्हा घरात एक प्रश्न उभा राहिला. पाहावयाचे दिवस मोजके असतील तर काय पाहावे? नातेवाईकांनी लूर्द सुचवले, कुणी स्वित्झर्लंड सुचवले. जिचे डोळे होते तिनेच उत्तर दिले, ‘मोठ्या गोष्टी कशाही दिसतील. लहान आधी पाहून घेऊ.’ म्हणून २०२३ च्या नोव्हेंबरात आम्ही आंबोनला गेलो.

आंबोन हे इंडोनेशियाच्या पूर्वेकडील मालुकू द्वीपसमूहातले बेट. लवंगेच्या मोहापायी पोर्तुगीज आणि डच जिथे एकमेकांशी झुंजले ती ही भूमी. बेटाच्या पोटात एक लांबट आखात घुसले आहे. त्याचे दोन भाग आहेत, बाहेरचे आणि आतले. दोहोंच्या मध्ये एक अरुंद, उथळ गळा आहे आणि त्या गळ्यावर २०१६ पासून एक मोठा पूल उभा आहे. आखाताच्या एका काठाला शहर, दुसऱ्या काठाला विमानतळ आणि कोळ्यांची गावे. पावसाळा आपल्यासारखाच जून-जुलैचा. तेव्हा डोंगरातले ओढे लाल माती आणि शहराचा सारा केरकचरा आखातात आणून ओततात. आम्ही गेलो तेव्हा पाऊस ओसरला होता, पाणी निवळू लागले होते. निवळू लागले होते म्हणजे दहा-बारा हातांवरचे दिसत होते, इतकेच.

आमच्या वाटाड्याला सगळे ‘ओम’ म्हणत. ओम हा डच भाषेतला काका. डच गेले, काका राहिला. साठीच्या घरातला हा गृहस्थ पूर्वी गळाने मासे धरीत असे. तो आम्हाला ‘बापा’ आणि ‘इबू’ म्हणजे बाबा आणि आई म्हणे. आमचे वय त्याच्याहून कमी असल्यामुळे पहिल्या दिवशी आम्हाला संकोच वाटला, दुसऱ्या दिवशी बरे वाटू लागले. ओम आखाताच्या दक्षिण काठावरच्या ख्रिस्ती वस्तीतला, नाव हाकणारा तांडेल उत्तर काठावरच्या मुस्लिम गावचा. १९९९ च्या जानेवारीत ह्या बेटावर ह्याच दोन समाजांत दंगल पेटली होती आणि २००२ मध्ये समझोता होईपर्यंत, व त्यानंतरही काही काळ, तिची धग राहिली होती. शहर दोन तुकड्यांत वाटले गेले होते. आमच्या नावेत ती दोन माणसे एकाच डब्यातला भात खात. त्या काळाविषयी आम्ही विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही.

पहिल्या दिवशी आम्ही पाऊण तास पाण्याखाली होतो आणि त्यातली पहिली वीस मिनिटे आम्हाला काहीही दिसले नाही. म्हणजे पुष्कळ दिसले. मासेमारी होड्यांच्या धक्क्याजवळ, आठ-दहा मीटर खोलीवर, करड्या वाळूचा उतार होता. त्यावर शेवयांची पाकिटे, एका पायाची चप्पल, ट्रकचे टायर, दोरखंडाचे वेटोळे, तांदळाची पोती, बाटल्या, आणि तान्ह्या मुलांना बांधावयाचे ते लंगोट. डोक्यावर होड्यांचे तळ झुलत होते. वरून कुणीतरी भाताचे पातेले विसळले, तेव्हा शिते हिमासारखी खाली आली. प्रवाळ नाही, रंग नाही. मनात आले, हे तर आपल्या खाडीपुलाखाली फुकट पाहावयास मिळाले असते.

ओम मात्र तळापासून वीतभर उंचीवर आडवा तरंगत एका जागी थांबला होता. त्याने बोट केले. बोटासमोर शेवाळाचा एक तांबूस झुबका होता. आम्ही झुबक्याकडे पाहिले, ओमकडे पाहिले, पुन्हा झुबक्याकडे. त्याने बोट हलवले नाही. मग केव्हातरी त्या झुबक्यात एक काळा ठिपका दिसला, ठिपक्याभोवती कडे दिसले, आणि क्षणार्धात सारा झुबका मासा झाला. तोंड झाले, पंख झाले, अंगभर शेवाळासारख्या झालरी झाल्या. शेवाळ पुन्हा शेवाळ होईना. पीटर ब्लीकर ह्या डच लष्करी डॉक्टराने १८५६ मध्ये ज्याला आंबोनचेच नाव दिले तो हा विंचूमासा. पुढची दहा मिनिटे आम्ही त्याच्यापाशी होतो. त्याने एकदा जांभई दिली. त्याखेरीज काही घडले नाही, आणि आम्हाला तिथून हलवेना.

संध्याकाळी ओमने आपली रीत सांगितली. आकार शोधू नये, कारण आकार लपवण्यातच ह्या जीवांची हयात जाते. डोळा शोधावा. वाळूला डोळा नसतो, शेवाळाला नसतो, बाटलीला नसतो. जो लपला आहे त्यालाही पाहावे लागतेच, म्हणून डोळा तेवढा त्याला उघडा ठेवावा लागतो. हे ऐकताना आमच्यापैकी एकीने थेंबांची बाटली काढली, मान मागे टाकली आणि नेहमीप्रमाणे पाच मिनिटे डोळे मिटून बसली. ओमने चौकशी केली. सांगितल्यावर तो म्हणाला, ‘पाण्यात मुखवटा घातला की सगळ्यांनाच समोरचे तेवढे दिसते. बाजूचे कुणाला दिसत नाही.’ हे शब्दशः खरे आहे. मुखवट्याच्या काचेतून दिसणारा जगाचा तुकडा लहानच असतो. जमिनीवर ती पायरी चुकते, डावीकडून येणारी रिक्षा तिला उशिरा दिसते; पाण्याखाली ती आम्हा दोघांत तसूभरही उणी नव्हती. किंबहुना एका वीतभर जागेवर नजर खिळवून ठेवण्याची सवय तिला अधिक होती.

आल्फ्रेड रसेल वॉलेस हा निसर्गशास्त्रज्ञ १८५७ च्या डिसेंबरात ह्याच आखातात आला होता. पाणी इतके स्वच्छ होते, की नावेत बसल्या बसल्या त्याला तळाशी पसरलेली प्रवाळांची, स्पंजांची आणि समुद्रफुलांची अरण्ये दिसली आणि त्यांत फिरणारे निळे, तांबडे, पिवळे मासे दिसले. १८६९ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासग्रंथात ह्या दृश्याचे वर्णन आहे आणि ते वाचूनच अनेकांना आंबोनची ओढ लागते. आम्ही ज्या उतारांवर उतरलो तिथे ते अरण्य नव्हते. त्यामुळे गाळाचे गोडवे गाताना जपावे लागते. गाळातले जीव पुरातन आहेत, वाळूचे उतार त्यांचे हक्काचे घर आहे. पण त्यावरचा कचरा आपला आहे, आणि कचऱ्यातही जीव नांदतो म्हणून कचरा क्षम्य ठरत नाही. पाणबुड्यांच्या गप्पांत अशी भलामण आम्ही ऐकली. ‘बाटल्या काढू नका, ऑक्टोपस बेघर होतील.’ ऐकावयास गमतीचे आहे.

ऑक्टोपसाची गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. ज्याला नारळी ऑक्टोपस म्हणतात तो मुठीएवढा जीव रिकाम्या शिंपल्यात, करवंटीत, नाहीतर बाटलीत राहतो. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन येथील तीन संशोधकांनी उत्तर सुलावेसी आणि बाली येथे ५०० तासांहून अधिक काळ पाण्याखाली घालवून २००९ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. हा ऑक्टोपस अर्ध्या करवंट्या एकात एक रचून पोटाशी धरतो, उरलेल्या पायांच्या काठ्या करून वाळूवरून अवघडत चालतो, आणि धोका दिसला की करवंट्यांचे घर करून आत शिरतो. चालताना त्या ओझ्याचा त्याला काडीचा उपयोग नसतो. उलट पळता येत नाही. पुढे लागेल म्हणून आज जड ओझे वाहावयाचे, हा माणसाचा शहाणपणा किंवा वेडेपणा त्या बिनकण्याच्या जीवातही आहे. आम्हाला दिसलेला ऑक्टोपस जाड काचेच्या बरणीत होता. झाकणाच्या जागी त्याने एक शिंपला ओढून धरला होता. बाजूने तो आम्हाला पूर्ण दिसत होता आणि बहुधा त्याला त्याची कल्पना नव्हती.

आंबोनला गेलेल्याने ज्याची आठवण काढल्यावाचून परतू नये, असा एक माणूस आहे. गेओर्ग एबरहार्ड रम्फिउस. जन्म १६२७, जर्मनीतला. डच कंपनीचा शिपाई म्हणून पूर्वेला आला, १६५४ पासून मरेपर्यंत, म्हणजे १७०२ पर्यंत, मालुकूतच राहिला. कंपनीचा व्यापारी अधिकारी झाला आणि फावल्या वेळात बेटावरील वनस्पती, खेकडे, शिंपले, खडे ह्यांची नोंद करू लागला. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली. वय अवघे त्रेचाळीस. चार वर्षांनी, १७ फेब्रुवारी १६७४ च्या संध्याकाळी, भूकंपात त्याची पत्नी सुझाना आणि एक मुलगी भिंतीखाली सापडून वारल्या. १६८७ च्या आगीत त्याच्या ग्रंथांची चित्रे जळाली. ती पुन्हा काढवून घेऊन वनस्पतीकोशाचे हस्तलिखित १६९२ मध्ये हॉलंडला रवाना केले, तर फ्रेंचांनी ते जहाज बुडवले. बटाव्हियात एक नक्कल उतरवून ठेवली होती म्हणून काम वाचले. पुस्तके छापून आली ती त्याच्या मृत्यूनंतर: शिंपले आणि खेकडे ह्यांचा ग्रंथ १७०५ मध्ये, वनस्पतींचा १७४१ पासून पुढे.

ईयोबाची आठवण व्हावी असे हे चरित्र. पण आम्हाला त्यात दुःखाहून दुसऱ्याच गोष्टीचे नवल वाटले. दृष्टी गेल्यावर ह्या माणसाने बत्तीस वर्षे काम केले. ते कसे? कोळी, पाणबुडे, बायका, मुले शिंपले आणून त्याच्या हातात देत. तो बोटांनी पाही, वास घेई. रंग कोणता, ठिपके किती, जिवंतपणी कसा चाले हे आणणाऱ्याला विचारी. मुलगा आणि लेखनिक लिहून घेत, चित्रे काढीत. त्याच्या ग्रंथात स्थानिक नावे आहेत, कोणता जीव कसा शिजवतात, कोणता विषारी, कोणत्याविषयी लोक काय सांगतात हे सारे आहे, कारण ग्रंथ बहुतांशी त्या लोकांच्याच डोळ्यांनी पाहिलेला आहे. एका पांढऱ्या फुलाला त्याने सुझानाचे नाव दिले. ते फूल तिनेच त्याला प्रथम दाखवले होते. हा इतिहास आम्ही रात्री खोलीत एकमेकांना वाचून दाखवला. वाचता वाचता मध्येच आवाज थांबला आणि वाचणारे बदलले, एवढेच सांगतो.

शहरात रम्फिउसच्या नावाचे एक ग्रंथालय आहे. ते उभारले आंबोनचे कॅथोलिक बिशप अँड्रियास सोल ह्यांनी. शंभरी गाठून २०१६ मध्ये ते निवर्तले. जवळच कॅथेड्रलसमोर संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचा पुतळा आहे आणि पुतळ्यापाशी नांग्यांत क्रूस धरलेली चिंबोरी आहे. जुन्या गोव्यात ज्यांचे शव आहे तेच हे झेवियर. १५४६ च्या फेब्रुवारीत ते आंबोनला पोहोचले होते. जवळच्या बेटाकडे जाताना वादळ शमावे म्हणून त्यांनी गळ्यातला क्रूस पाण्यात बुडवला, तो हातून निसटला, आणि किनाऱ्याला लागल्यावर एका चिंबोरीने तो आणून दिला, अशी साक्ष त्यांच्या एका सहप्रवाशाने अनेक वर्षांनी दिली. पाठीवर क्रुसासारखी खूण असलेली ती जात आपल्याकडच्या मासळीबाजारातही येते. आमच्या आजीने ही गोष्ट सांगितली तेव्हा बुडालेली वस्तू तळाशी कशी सापडेल, ही आमची शंका होती. आंबोनचा तळ पाहिल्यावर ती शंका कमी झाली नाही, वाढलीच. आणि गोष्ट अधिक आवडू लागली.

आंबोनच्या पाण्याविषयी अविश्वसनीय गोष्टी सांगण्याची परंपरा तशी जुनीच. अठराव्या शतकाच्या आरंभी डच कंपनीच्या चाकरीत आलेल्या सॅम्युएल फालूर्स ह्या चित्रकाराने इथल्या माशांची चित्रे रंगवली. लुई रेनार्ड ह्या प्रकाशकाने ती १७१९ च्या सुमारास पुस्तकरूपाने काढली. माशांच्या अंगावर चंद्र-तारे, फुले, नक्षी; शेवटी तर टपात ठेवलेली एक मत्स्यकन्याही! युरोपातल्या विद्वानांनी हे सारे थोतांडात जमा केले. त्यात एक चालणारा मासा आहे. फालूर्स सांगतो, की वाळूवर धरलेला हा मासा त्याने तीन दिवस घरात जिवंत ठेवला आणि तो कुत्र्याच्या पिल्लासारखा त्याच्या मागे मागे फिरे. घरभर फिरण्याची कथा सोडून द्या. पण बेडूकमासा नावाचा, पंखांचे पाय करून तळावर चालणारा मासा खरोखरच आहे, आणि आम्ही तो पाहिला. अंगभर केसांसारखे तंतू, कपाळावर एक काडी, काडीच्या टोकाला अळीसारखे आमिष. तो आमिष हलवतो, भुकेला मासा जवळ येतो, आणि पापणी लवायच्या आत दिसेनासा होतो.

ह्या कथेचा उत्तरार्ध अधिक सुरस आहे. रेनार्डच्या पुस्तकाचा साक्षेपी अभ्यास करून १९९५ मध्ये त्याची नवी आवृत्ती काढली ती थिओडोर पीट्श ह्या अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञाने. बेडूकमाशांवरचा तो जगातला जाणकार. २००८ च्या जानेवारीत आंबोनच्या ह्याच आखातात, धक्क्यालगतच्या उथळ पाण्यात, पाणबुड्यांना मुठीएवढा एक मासा दिसला. पिवळसर-नारिंगी अंगावर डोळ्यांपासून निघून सर्वांगावर वळसे घेत गेलेले पांढरे पट्टे, माणसासारखे दोन्ही डोळे समोर, कपाळावर आमिष नाही. पोहणे असे, की चेंडू टप्पे खात जावा. फालूर्सने रंगवला असता तर कुणी विश्वास ठेवला नसता. छायाचित्रे पीट्शकडे गेली आणि २००९ मध्ये त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी नवी जात म्हणून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. प्रत्येक माशाचे पट्टे वेगळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. मेल्यावर मद्यार्कात ठेवले की ते पट्टे काही दिवसांत पुसले जातात आणि उरतो एक फिकट गोळा. प्रयोगशाळेच्या फळीवर अशी एखादी बरणी वर्षानुवर्षे असली तरी तिच्यात काय आहे हे कळावयाचे नाही. ज्याने पाहिले त्याने जिवंतपणीच पाहिले पाहिजे. आम्हाला तो मासा दिसला नाही. आम्ही नऊ वेळा उतरलो आणि नऊही वेळा वर येऊन ओमकडे पाहिले, आणि त्याने नऊही वेळा हसून मान हलवली.

जिथे दुर्मीळता आहे तिथे हाव आली. चौथ्या दिवशी धक्क्याखाली दुसरी एक मंडळी होती. दिवाबत्तीने लदलेले मोठमोठे कॅमेरे, प्रत्येकामागे एक वाटाड्या. एका केसाळ बेडूकमाशाभोवती पाच जण पालथे पडले होते. मासा चित्रात आडवा येत होता. त्यांना तो समोरून, तोंड उघडलेला हवा होता. वाटाड्याने हातातल्या धातूच्या कांडीने त्याला ढोसले. मासा दोन पावले चालला. पुन्हा ढोसले, उचलून मोकळ्या वाळूवर ठेवले. तिथे त्याला लपावयास काही नव्हते. प्रकाशाचे झोत पडत राहिले. एकाचे झाले की दुसरा पुढे सरके. शेवटी माशाने तोंड फाकले. त्यांना ती जांभई वाटली असावी. आम्ही खुणेने थांबवू पाहिले. उत्तरादाखल एकाने अंगठा आणि तर्जनी जोडून ‘छान’ अशी खूण केली.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात समुद्रघोडे, बेडूकमासे, भूतसूचिमासे अशा तळाशी राहणाऱ्या माशांवर छायाचित्रणाचा परिणाम तपासला आहे. झगमगत्या प्रकाशाने त्यांचे जेवढे बिघडते त्याहून कितीतरी अधिक बिघडते ते त्यांना हात लावल्याने, ढोसल्याने, हलवल्याने. ज्याचे सारे संरक्षण न हलण्यात आहे, त्याला हलावयास लावणे म्हणजे काय, हे सांगावयास खरे तर अभ्यास लागू नये. पण वाटाड्यालाही आम्ही सरसकट दोष देणार नाही. पाहुणा हजारो डॉलर खर्चून येतो, त्याच्या हातात हव्या असलेल्या प्राण्यांची यादी असते, आणि यादी पुरी झाली तरच बक्षिसी मिळते. कांडी त्याच्या हातात असली तरी तिला ढकलणारा हात मागे असतो. लहान गोष्टी आधी पाहून घेऊ, असे म्हणत आम्हीही यादी घेऊनच आलो होतो. वर आल्यावर त्या दिवशी ती यादी ओमला पुन्हा दाखवली नाही.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही धक्क्याच्या लाकडी पायऱ्यांवर बसलो होतो. गोड्या पाण्याच्या पिंपात सामान धुऊन टांगले होते. आखातात मधोमध ‘बागान’ म्हणतात ते बांबूचे तरंगते मांडव उभे होते. अंधार पडताच त्यांचे दिवे लागले, म्हणजे त्या उजेडाला मांदेली-मोतकांसारखी बारीक मासळी जमावी आणि खालचे जाळे वर ओढावे. ओम आपल्या फुगलेल्या वहीत दिवसाची नोंद करीत होता. तारीख, खोली, मिनिटे, मग दिसलेल्या जीवांची नावे. इबूला ऐकू यावीत म्हणून तो ती मोठ्याने वाचत लिही, कारण अंधारात तिला अक्षर दिसत नसे. विंचूमासा, दोन. नारळी ऑक्टोपस, एक. पिग्मी स्क्विड, तीन. मग त्याने भूतसूचिमासा म्हटले. हा बोटभर लांबीचा, काटेरी, समुद्रपिसासारखा मासा. पल्लास ह्या शास्त्रज्ञाने १७७० मध्ये त्याचे वर्णन केले ते आंबोनच्याच नमुन्यावरून. यादीत आमचे ते दुसरे नाव होते.

आम्ही म्हणालो, तो तर आम्हाला दिसला नाही.

‘होता,’ ओम म्हणाला. टायरच्या डाव्या अंगाला, काळ्या समुद्रपिसाच्या आड. मादी होती. घोडामाशात नर पिल्ले वाहतो, ह्यांच्यात मादी; पोटाखालचे दोन पंख जोडून तिने पिशवी केली होती आणि पिशवीत अंडी दिसत होती. त्याने ती पाहिली तेव्हा कॅमेरेवाली मंडळी आमच्या मागून येत होती. आम्ही थांबलो असतो तर तीही थांबली असती. म्हणून त्याने आम्हाला टायरच्या उजव्या अंगाने नेले.

‘कोणत्या रंगाची होती?’ इबूने विचारले.

ओमने पेन्सिल खाली ठेवली आणि सांगावयास सुरुवात केली.